बल्बाकडे बघायची नोकरी

आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. येणार आहे, असं मी लग्न होऊन जुन्नरकडे आले तेव्हापासून ऐकते आहे, आणि आता माझे दातसुद्धा गेले. पण रेल्वेच्या रुळावर जाऊ नये हे सांगायला मात्र गेल्या महिन्यात एक तरुण माणूस येऊन गेला. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पडदा लावून त्यानं चित्रं दाखवली. रूळ ओलांडणं गुन्हा आहे. वरच्या तारेला हात लावायचीही गरज नाही, नुसतं जवळ गेलं तरी ती माणसाला ओढून घेते. उंच काठी धरू नका, डब्यावर चढू नका. मी विचारलं, "बाबा, तुमचे मोजणीचे लाल खुंट आमच्या टोमॅटोच्या वावरातून गेलेत. विहीर अल्याड आणि वावर पल्याड. मी कुठनं जायचं?" तो म्हणाला, "आजी, दोन किलोमीटरवर भुयारी रस्ता होईल ना." मी म्हटलं, "आणि मी सरळ गेले तर?" "तर तुम्ही घुसखोर. आणि काही झालं तर जबाबदारी तुमची." सगळे हसले. मीही हसले. मग त्यानं सह्यांचा एक कागद फिरवला. त्या कागदाचं मी शेवटी सांगेन, कारण तो हातात आला तेव्हा मला माहेरची डीपी आठवली, आणि ती सांगितल्याशिवाय कागदाचं काही कळायचं नाही.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, अवसरी आणि लोणी यांच्या मधल्या एका वाडीत. पंधरावीस घरं. माझी शाळा चौथीला संपली, कारण पाचवी अवसरीला होती आणि तिथवर जायला पायात काहीतरी लागायचं. घरात माझे वडील, म्हणजे आबा, आई, आबांचे धाकटे भाऊ तात्या, काकी आणि त्यांची मुलगी शांता. शांता माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चूल एक, पडव्या दोन. सकाळी आईच्या भाकरीचा आवाज पहिला यायचा, मग विहिरीवरच्या मोटेचा. मोट वर येताना चाक असं काही कुरकुरायचं की नवी सून आठ दिवस झोपायची नाही. माणसं त्या आवाजाचं आता कौतुक करतात. ज्यांनी बैलामागं कधी चालून बघितलं नाही तीच जास्त करतात.

मग वीज आली. खांब आले, तारा आल्या, आणि ट्रान्सफॉर्मर बसवायला जागा हवी झाली. त्याला आम्ही सगळे डीपीच म्हणतो. कोणी आपलं रान द्यायला तयार होईना. आबांना मोठेपणाची हौस होती. त्यांनी आमच्या बांधाचा कोपरा दाखवला. विहिरीवर जायची वाट त्याच कोपऱ्यातून होती, तेव्हा डीपी बरोबर आमच्या वाटेवर उभी राहिली. पावणे आले की आबा त्यांना पाणी द्यायच्या आधी डीपी दाखवायला न्यायचे. "सरकारी वस्तू हाय, पण रानात आपल्या हाय," असं म्हणायचे. ती वस्तू दिवसभर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुणगुणायची. तिच्या कमरेला एक पत्र्याचा बोर्ड होता, लाल कवटी, खाली दोन हाडं आणि 'धोका'. पहिल्याच वाऱ्यात तो निघून पडला. आईनं उचलून आणला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवला. त्या वर्षी मुंगसानं आमची एकही कोंबडी नेली नाही. सरकारी बोर्डाचा उपयोग झालेला मी तेवढाच पाहिला.

डीपीवरून पाच विहिरींच्या मोटरी चालायच्या. सगळ्यांच्या कांद्याला एकाच दिवशी तहान लागायची, आणि मग डीपीवरचा फ्यूज जायचा. मोटर नुसती गुरगुरायची, पाणी यायचं नाही. वायरमन शिर्के मंचरला राहायचा. सायकलवर यायचा. चारपाच वेळा आला आणि कंटाळला. मग त्यानं आबांना तारेचं एक वेटोळं दिलं आणि शिकवलं. खांबाला उभी लोखंडी दांडी होती, तिला हँडल म्हणायचे. ती खाली ओढली की वरच्या तारा सुटतात, डीपी मरते. मग शिडी लावायची, जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची, खाली उतरायचं, हँडल वर. "आबा, तुमी तर माज्यापेक्षा झ्याक करता राव," शिर्के म्हणाला. "मला कशापायी मंचरवरनं पळवता?" आबा खूश झाले. माणसाला फुकट राबवायचं असेल तर आधी त्याला हुशार म्हणावं, हे मला तेव्हा कळलं आणि पुढे सासरी लई कामाला आलं.

पण हँडल गंजकं होतं. ओढलं तरी वर तारा खरंच सुटल्या का, हे खालून नीट दिसायचं नाही. म्हणून आबांनी मला कामाला लावलं. आमच्या पडवीत एक बल्ब कायम चालू ठेवलेला असायचा. आबा हँडल ओढायचे आणि तिथनं हाक द्यायचे, "बघ गं!" मी हातातलं टाकून पडवीत पळायचे, डोळ्यांवर हात धरून बल्बाकडे बघायचे, कारण उन्हात तो पेटलाय का विझलाय ते पटकन कळायचं नाही. पेटलेला असला तर ओरडायचं, "हाय!" विझलेला असला तर, "गेली!" गेली म्हटलं की आबा शिडी चढायचे. माझा नातू म्हणतो, आजी, यासाठी टेस्टर असतो, खिशात मावतो. आमच्याकडे मी होते. खिशात मावत नव्हते आणि दोन वेळा जेवायला लागायचं, एवढाच फरक. सगळ्या वाडीला माहीत होतं की हौसा 'गेली' म्हणाली म्हणजे वीज गेली. माझ्या शब्दाला तेवढं वजन पुढे आयुष्यात कधी आलं नाही.

त्या वर्षी शांताला बघायला लोणीकडचे पावणे आले. काकीनं सकाळपासून मासवडीचा घाट घातला. तीळ, खोबरं, लसूण भाजल्याचा वास डीपीपर्यंत जात होता. मासवडीत मासा नसतो, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. बेसनाचा उंडा थापून त्यात सारण भरतात आणि वड्या कापतात, वर तिखट रस्सा. पावण्यांच्या घरी अजून वीज आली नव्हती. नवऱ्या मुलाचा बाप तात्यांच्या पडवीत बसला, आणि शांताकडे बघितलं त्याच्या दुप्पट वेळ त्यानं वर लागलेल्या बल्बाकडे बघितलं. "उजेड लई पडतो," म्हणाला. मुलगी पसंत पडली. सुपारी आठपंधरा दिवसांत फोडायची ठरली. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही तीन वड्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर गुरगुरायला लागली. आबा तारेचं वेटोळं घेऊन गेले. मी चुलीपुढं आदल्या दिवशीचा रस्सा गरम करत होते. हाक आली, "बघ गं!" मी पळत पडवीत आले, डोळ्यांवर हात धरला. बल्ब विझलेला. मी ओरडले, "गेली!"

मग फाट्दिशी आवाज आला आणि बाभळीवरचे सगळे कावळे एकदम उडाले.

आबा शिडीवरून फेकले गेले ते कांद्याच्या वाफ्यात. वाफा आदल्या दिवशीच भिजवलेला, म्हणून पाठ वाचली. उजवा हात काळा पडला होता. आई, काकी, तात्या, सगळे पळाले. मी पळाले नाही. मी बल्बाकडेच बघत उभी होते, कारण माझं काम ते होतं आणि मला वाटलं मी ते नीट केलं नाही. तेव्हा मला दिसलं की बल्बावर हिंगुळाचा लाल ठिपका आहे. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवताना तसा ठिपका तात्यांच्या पडवीतल्या बल्बावर उडाला होता. आमच्या बल्बावर नव्हता. तात्यांनी आबांना बैलगाडीत घातलं आणि अवसरीकडे गाडी पळवली. स्वतः हाकत होते आणि मोठ्यानं रडत होते. मी पाटावर चढून तो बल्ब काढला, कानाशी धरून हलवला. आत तुटकी तार किणकिणली. तात्यांचा बल्ब पावणे यायच्या आधीच गेलेला होता. त्यांनी आमचा चांगला तिकडे लावला, आणि आमची जागा रिकामी दिसू नये म्हणून मेलेला आमच्याकडे. परत बदलायचं राहिलं, आणि रात्री सगळे तिकडच्याच उजेडात बसले म्हणून आमच्याकडचा अंधार कोणाच्या लक्षात आला नाही. मी संध्याकाळी आईला सांगितलं. ती पीठ चाळत होती. "जेवलीस का?" एवढंच म्हणाली. बल्ब माझ्या हातातून घेतला आणि शिंक्यावरच्या गाडग्यात ठेवला.

आबा जगले. दोन बोटं गेली, बाकीचा हात मुठीसारखा मिटला तो पुन्हा उघडला नाही. आठव्या दिवशी त्यांना घरी आणलं आणि पाठोपाठ वीज खात्याची जीप आली. शाळेतलं टेबल डीपीखाली मांडलं. साहेब खुर्चीवर, आबा समोर खाटेवर, शिर्के साहेबांच्या मागं, सरपंच बाजूला, आणि सगळी वाडी गोल करून. त्या आठ दिवसांत हँडलाला कोणी हात लावला नव्हता. कांदा सुकला तरी लावला नव्हता.

"तुम्ही डीपीवर चढलात?" साहेबांनी विचारलं.

"चढलो," आबा म्हणाले.

"कोणाच्या परवानगीनं?"

"रान माजं हाय, साहेब."

"रान तुमचं, डीपी आमची. तुम्ही आमच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश केलात."

"आन डीपी माज्या हद्दीत आली ती?"

वाडी हसली. साहेब हसले नाहीत. अनधिकृत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. काहीतरी रोग असावा असं वाटलं, कारण तो आबांना झाला होता आणि साहेबांना नव्हता.

"धोक्याचा बोर्ड वाचला नाही?" साहेब म्हणाले. "कुठे आहे बोर्ड?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आई मुकाट्यानं घरी गेली, खुराड्यावरचा बोर्ड काढला, पदरानं पुसला आणि आणून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो पुरावा म्हणून जीपमध्ये टाकला. त्या महिन्यात मुंगसानं दोन कोंबड्या नेल्या.

मग शिर्के पुढे झाला. "साहेब, म्या ह्यांना कधीच सांगितलं न्हाई का डीपीला हात लावा म्हनून."

"आरं, तारंचं वेटुळं तूच दिलं व्हतंस की!" मागून कोणीतरी ओरडलं.

"ते आठवन म्हनून दिलं व्हतं," शिर्के म्हणाला. आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. असा माणूस वायरमन राहिला याचं मला अजून नवल वाटतं. त्यानं निवडणुकीला उभं राहायला हवं होतं.

ऊन चढलं. साहेबांना दुसऱ्या गावी जायचं होतं. आबांवर लिहिलं तर वाडी चिडणार, शिर्केवर लिहिलं तर खातं चिडणार. तेव्हा सरपंचांनी वाट काढली. "साहेब, गेली म्हनून कोन वरडलं? ह्यांची हौसा. पोरीकडनं चूक झाली आसं लिवा. पोर नकळती हाय, तिला कोन फाशी देतंय? कुनाचं काय जात न्हाई." सगळ्या वाडीनं श्वास सोडला. शिर्केनं सोडला, साहेबांनी पेन उघडलं. तात्या खाली आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मी त्या माणसांत लहानाची मोठी झाले. त्यांच्यातला एकही वाईट नव्हता, आणि एकालाही या तोडग्यात काही खटकलं नाही.

कागद तयार झाला. साक्षीदार म्हणून तिघांनी अंगठे लावले. माझी सही हवी होती, कारण मी चौथी पास होते. मी कागद हातात घेतला आणि बोट फिरवत वाचायला लागले. साहेब म्हणाले, "वाचायचं काय त्यात, कर सही." मी वाचत राहिले. 'सदर मुलीने खोटी माहिती दिल्यामुळे' इथपर्यंत आले आणि थांबले.

"म्या खोटं न्हाई बोलले. दिवा इझलेलाच व्हता."

"बरं, खोटीच्या जागी चुकीची लिहितो."

"चुकीची बी न्हाई."

"कर गं हौसे सही," तात्या म्हणाले. "येवढं काय त्यात."

मी आईकडे बघितलं. ती गर्दीच्या कडेला होती, पदराखाली हात, आणि हाताखाली काहीतरी गोल. म्हणजे तिनं बल्ब आणला होता. मी एक शब्द बोलले असते तर तिनं तो टेबलावर ठेवला असता. मी आबांच्या खाटेजवळ गेले. ते हळू म्हणाले, "दिव्याचं काढू नगंस. शांतीची सुपारी व्हायचीय." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे मला जेवलीस का विचारत होते.

मला राग आला. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. मी म्हटलं, "मंग हँडलाचं काढू?"

आबांनी तात्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "काढ."

मी साहेबांपुढे उभी राहिले. "आबांनी हँडल खाली वढलं व्हतं. बघा, आजून खालीच हाय. खाली वढल्यावर वीज जायला पायजे का न्हाई?"

"जायला पाहिजे."

"मंग आबांना बसली ती कुठनं आली?"

साहेबांनी वर बघितलं. सगळ्या वाडीनं वर बघितलं. हँडल खाली होतं, आणि वर तीन तारांपैकी दोन सुटल्या होत्या, तिसरी गंजलेल्या चिमट्यात तशीच अडकून बसली होती. आठ दिवस ती तिथे होती. कोणीही मान वर करून बघितलं असतं तर दिसली असती. पण चूक शोधायची म्हटली की माणसं वर बघत नाहीत, आजूबाजूला सगळ्यांत लहान कोण आहे ते बघतात. शिर्के खोकला.

"हे देखभालीकडे येतं," साहेब म्हणाले. "मी अपघाताकडचा."

"मंग देखभालीवाल्याची सही घ्या," मी म्हटलं आणि कागद टेबलावर ठेवला.

सरपंच म्हणाले, पोरगी तोंडाची लई फटकळ हाय, उजवायला जड जाईल. साहेब म्हणाले, सही नसेल तर प्रकरण पुढे जाणार नाही. मी घरात निघून आले. थोड्या वेळानं तात्या आले. हातात आमचा चांगला बल्ब. धोतराच्या सोग्यानं पुसला, पाटावर चढून आमच्या पडवीत लावला, आणि माझ्याकडे न बघता गेले. त्यावर आमच्या घरात कधीच कोणी बोललं नाही. शांताचं लग्न झालं, चांगलं झालं. तिच्या सासऱ्याला मरेपर्यंत वाटत होतं की सून उजेडाच्या घरातून आणली.

पुढे टपालानं पत्र आलं. माहिती देणाऱ्या व्यक्तीची सही नसल्यामुळे प्रकरण बंद. म्हणजे आबांचा हात कोणामुळेच गेला नाही. डीपीला नवा बोर्ड आला, कवटी आधीपेक्षा मोठी. वरचा चिमटा तोच राहिला. हँडलाला कुलूप बसलं आणि किल्ली मंचरला. पंधरा दिवसांत वाडीत तीन किल्ल्या झाल्या.

आणि आबा पुन्हा चढले. मला विचारतात, एवढं होऊन कसे चढले? कांद्याला पाणी हवं होतं म्हणून चढले, दुसरं काय. डाव्या हातानं चढले. त्या दिवशी मी पडवीत उभी होते, हाकेची वाट बघत नव्हते, कारण मला वाटत होतं आता ते मला हाक मारायचे नाहीत. पण हाक आली, आणि हँडल ओढायच्या आधी आली.

"हौसे, आधी बघ! हाय का?"

मी डोळ्यांवर हात धरला. "हाय!"

हँडल खटकलं. "आता?"

"गेली!"

आबांनी मान वर करून तिन्ही तारा मोजल्या आणि मग शिडीला पाय लावला. बल्ब पेटलेला असताना आधी एकदा बघायचं असतं, हे इतकी वर्षं आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या सगळ्या चौकशीतून आमच्या वाडीला मिळालं ते एवढंच, एका हाकेच्या दोन हाका झाल्या.

तर आता रेल्वेचा कागद. तो माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर पन्नासेक सह्या झाल्या होत्या. "आजी, हजेरीचा आहे, नुसती सही करा," तो तरुण म्हणाला. मी पिशवीतून चष्मा काढला. माझी सून कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं." मी बोट फिरवत वाचलं. धोक्याची पूर्ण माहिती मिळाली असून यापुढे होणाऱ्या कोणत्याही इजेस आम्ही स्वतः जबाबदार राहू. मी म्हटलं, "आधी जागा बघू. मग सही."

त्याला मी वावरात नेलं. लेण्याद्रीच्या डोंगरावर ऊन होतं आणि टोमॅटोला नुकतंच पाणी दिलेलं. लाल खुंटांच्या दोन रांगा वावराच्या मधून गेलेल्या. आम्ही अलीकडच्या बांधावर उभे राहिलो. त्या बाजूनं विहीर पल्याड होती. मी म्हटलं, "दम लागला रे मला. विहिरीवर तांब्या आहे, तेवढं पाणी आणून दे बाबा."

पोरगा गुणाचा होता. लगेच निघाला. पँट वर केली आणि चिखलातून, दोन्ही रांगांच्या मधून, सरळ विहिरीवर गेला. तांब्या भरला आणि त्याच वाटेनं सरळ परत आला.

मी पाणी प्यायले. म्हटलं, "भुयारी रस्ता तिकडं होता ना? दोन किलोमीटरवर?"

तो खुंटांकडे बघत राहिला. मग आपल्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे. कागदाची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. जाताना मात्र बांधाबांधानं, लांबून गेला.